मुंगीच्या अंगठ्याखालचं पान

मित्रांनो, मी एक जुना मननग्रंथ आहे. वय विचाराल तर चाळिशीच्या पुढे, आणि भित्रेपणात माझा हात धरणारा कोणी नाही. कोणी जवळ आलं की माझी पानं अजून आखडतात. असं का, ते सांगतो.

माझ्यातला मजकूर कित्येक शतकांपूर्वीच्या एका मठवासी साधूने लिहिला. चांगल्या सवयी कशा लावाव्यात, वाईट कशा सोडाव्यात, प्रभूच्या जवळ एकेक पाऊल कसं जावं, हे त्याने वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी एकेक पान करून सांगितलं आहे. एका लहानशा छापखान्यात माझी पानं छापली गेली, एका बाईंनी ती मेण लावलेल्या दोऱ्याने शिवली आणि वर काळ्या कापडाचा पुठ्ठा चढवला. मला वाटलं, आता जन्मभर लोक मला हलक्या हाताने उघडतील. कसलं काय.

मी एका घड्याळजींच्या घरी आलो. त्यांच्या लग्नात त्यांच्या आईने मला त्यांच्या हाती ठेवलं होतं. माणूस देवभीरू आणि कामाला चोख. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी बारीक स्प्रिंग ते चिमट्याने अशी उचलत की तिला पत्ताही लागू नये. रोज सकाळी न्याहारीआधी माझं एक पान मोठ्याने वाचायचं, हा नेम त्यांनी चाळीस वर्षांत एकदाही मोडला नाही. पाळकसाहेब चर्चमध्ये भर उपासनेत म्हणाले होते, "घर असावं तर असं." ते ऐकून माझीही छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू?

पण दिव्याखाली अंधार होता. घड्याळजी मला वाचत, मिटत, आणि पाच मिनिटांत चहा गार झाला म्हणून बायकोवर, म्हणजे आजींवर, ओरडत. सहनशीलतेच्या पानावर त्यांचं बोट असे आणि कपाळावर आठ्या. माझ्यात एके ठिकाणी लिहिलं आहे, 'गुडघे टेकले म्हणून मन टेकतंच असं नाही.' हे वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

मग त्यांची आठ वर्षांची नात राहायला आली. तिचे आईवडील परगावी नोकरीला होते. हळू बोलते म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. घड्याळजींनी ठरवलं, पोरीला चांगल्या सवयी लागल्याच पाहिजेत. तिने रोज संध्याकाळी माझं एक पान पाठ करायचं आणि सकाळी उभं राहून म्हणून दाखवायचं. संध्याकाळी मी तिच्या मांडीवर असे. सकाळी आजोबांच्या हातात. एक शब्द चुकला की आजोबा मला टेबलावर धाडकन आपटत. मुंगीच्या अंगाला त्यांनी कधी बोट लावलं नाही, पण तो हात वर गेला की ती डोळे घट्ट मिटून घेई. माझा कणा त्याच महिन्यात तडकला.

मुंगी अडखळायला लागली. आधी माझ्या शब्दांवर अडखळे, मग शाळेत स्वतःचं नाव सांगतानाही. बाईंनी चिठ्ठी पाठवली की मुलगी वर्गात तोंडच उघडत नाही.

आजींनी चिठ्ठी वाचली. "अहो, त्या घड्याळातल्या चाकांवर फुंकरसुद्धा जपून घालता. पोरीशीही तसं बोला की. उद्या तिची वाचा बसली तर काय करायचं?"

"धाकाशिवाय सवय लागत नाही," घड्याळजी म्हणाले आणि चिठ्ठी खिशात घातली.

मित्रांनो, त्या दिवसापासून मला खरी धास्ती बसली. पोर मुकी झाली तर ती माझ्यापायी होणार होती.

एका दुपारी मुंगीने मला उचललं आणि मोरीतल्या पाण्याच्या पिंपामागे लपवलं. तीन दिवस मी तिथे होतो. खालून ओल चढत होती. एक झुरळ पुठ्ठ्याची खळ चाटून गेलं. घरात कपाटं उघडल्याचे, गाद्या उलथल्याचे आवाज येत. तिसऱ्या दिवशी घड्याळजी कडाडले, "पुस्तकाला काय पाय फुटले?"

"मीच कुठेतरी ठेवलं असेल," आजी म्हणाल्या.

मग घड्याळजी त्यांना जे बोलले ते मी सांगणार नाही. मुंगीने ते ऐकलं. ती मोरीत आली, मला ओढून काढलं आणि थेट दुकानात नेऊन आजोबांपुढे ठेवलं.

"मी ल... मी लपवलं," ती म्हणाली.

घड्याळजी ओरडले नाहीत, त्यामुळे मी जास्तच घाबरलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. "आधी याचं काय काय बिघडलंय ते बघतो. मग तुझ्याकडे."

ते एकेक पान उलटू लागले. मध्येच त्यांचा हात थांबला. पानाच्या खालच्या कोपऱ्यात चंद्रकोरीसारखा एक बारीक खळगा होता. पुढच्या पानावर तोच, त्याच्या पुढच्यावरही. ते मागे गेले. मुंगी आली त्या दिवसापासून प्रत्येक पानावर तो होता, सुरुवातीला पुसट, अलीकडे तर कागद फाटून आरपार. त्याआधीची पानं चाळीस वर्षं वाचूनही गुळगुळीत.

"हे कशाचं?"

मुंगीने अंगठा पुढे केला. तिला वाटलं, आता त्यावर पट्टी बसणार. आजोबांनी तो अंगठा अलगद धरून खळग्यावर टेकवला. नख बरोबर बसलं. रोज संध्याकाळी पाठ करताना ती भीतीने तिथेच नख रुतवत असे. भिंग काढून ते बराच वेळ पुसत बसले. गिऱ्हाईक आलं, तेही परत गेलं.

दुसऱ्या सकाळी त्यांनी मुंगीला आपल्या खुर्चीवर बसवलं, मला तिच्या हातात दिलं आणि स्वतः समोर उभे राहिले. "आज मी म्हणतो. तू ताडून बघ."

पान रागाचं होतं. त्यांनी धडाधड म्हटलं आणि शेवटी आले. "राग एका निरोपाने जात नाही. त्याला दारापर्यंत पोचवावं लागतं."

आजींचा हात किटलीवर तसाच राहिला. मुंगीचं नख पुन्हा माझ्या पानात रुतलं.

"आजोबा, एक श... शब्द राहिला."

घड्याळजींचा हात वर गेला. माझी पाचावर धारण बसली. मुंगीने डोळे मिटले. तो हात त्यांच्या स्वतःच्याच कपाळावर जाऊन टेकला.

"कुठला गं?"

"'दररोज'," मुंगी म्हणाली. "त्याला दररोज दारापर्यंत पोचवावं लागतं." सगळं वाक्य ती न अडखळता म्हणाली.

मित्रांनो, जित्याची खोड एका सकाळीत जात नाही. घड्याळजी अजून तापतात, मग मध्येच थांबतात. मुंगीही कधी कधी अडखळते. मलाही भीती वाटते. एवढंच मागतो: मला ओलीत ठेवू नका, आपटू नका. आणि कुणाचा एखादा शब्द राहिला, तो कितीही मोठा माणूस असो, तर घाबरत घाबरत का होईना, त्याला सांगा.