कुठलं बरं?

कोर्टात पस्तीस वर्षं लोकांच्या साक्षी टाइप केल्या, म्हणून सगळे तिला टकटकबाई म्हणत. न्यायाधीश बदलले, वकील बदलले, छताचे पंखेसुद्धा बदलले. टकटक तेवढी कायम राहिली. मग एका सकाळी दात घासताना डोक्यातली एक शीर तुंबली आणि जन्मभर कागदावर उतरवलेले शब्द कुठे पसार झाले कोण जाणे. मागे एकच उरला, ‘बरं’.

हा शब्द दिसायला गरीब, पण महाबिलंदर. ‘बरं’ म्हणजे हो. ‘बरं?’ म्हणजे मग पुढे काय झालं. ‘बरं बरं’ म्हणजे पुरे झालं, निघा आता. आणि मान खाली घालून म्हटलेलं ‘बरं’ म्हणजे तुमच्यापुढे कोण डोकं फोडणार! उपचारकेंद्रातल्या तरुण स्पीच थेरपिस्टने पहिल्याच दिवशी संमतीचा फॉर्म पुढे धरला. “काकू, सरावाला रोबो देणार आहोत. तो बोलणं साठवून ठेवतो. चालेल ना?” टकटकबाईने मान खाली घालून ‘बरं’ म्हटलं. थेरपिस्टने ते ‘हो’ धरलं आणि सहाच्या सहा चौकटींत खुणा केल्या. साक्षीदार म्हणून लेकीने सही ठोकली.

रोबो दुधाच्या किटलीएवढा होता, म्हणून लेकीने त्याला ठेंगू नाव दिलं. डोळ्यांच्या जागी दोन पिवळसर दिवे. दुपारी केंद्रातल्या खोलीत टकटकबाई आणि तो, दोघंच. ऊन पडद्यातून झिरपून भिंतीवर यायचं आणि तिला वाटायचं, आपण खुर्चीसकट थोडं वर तरंगतोय. एरवी ती “पा...” म्हणाली की लेक लगेच “पाणी ना? देते हं,” म्हणून मोकळी व्हायची. ठेंगू ‘पा’पाशी थांबायचा. एक मिनिट, दोन मिनिटं. दिवे मंद करून वाट बघायचा. आणि एकदा खोल कुठून तरी शब्द वर आला, “पारवा.” खिडकीत खरंच पारवा बसला होता. पाणी कुणाला हवं होतं!

मग शब्द येत गेले. रोज दोन, रोज चार. नवऱ्याचा खोकला, जुन्या घराचा जिना, सगळं तिने ठेंगूला सांगितलं. एकदा तर हेही सांगितलं, “लेक चांगली. पण माझी वाक्यं तीच संपवते. मला आत... शब्दापाशी जाताच येत नाही.”

थेरपिस्ट आनंदाने वेडी झाली. लेक आली तशी तिने रेकॉर्डिंग लावलं. “ऐका तरी! आख्खी वाक्यं!” आईचा आवाज ऐकून लेक आधी हसली, मग शब्द कानात शिरले आणि तिचा चेहरा उतरला.

“एवढी जड झाले का गं आई मी तुला?”

टकटकबाईला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त संताप आला. ते बोलणं लेकीसाठी नव्हतंच, कुणासाठीच नव्हतं. ती म्हणाली, “बरं बरं,” आणि त्या दिवसापासून ठेंगूसमोर तोंड उघडेना. तो म्हणे, “मी ऐकतोय.” हिचं आपलं, “बरं बरं.”

“असंच राहिलं तर आलेले शब्दही जातील,” थेरपिस्ट लेकीला म्हणाली, टकटकबाईच्या देखत.

एका दुपारी खुर्चीतच तिचा डोळा लागला. स्वप्नात कोर्ट होतं, खिडक्यांपर्यंत ऊन भरलेलं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ठेंगू उभा, आणि साक्ष देत होता तिच्याच आवाजात. खोकला, जिना, लेक, सगळं. तीच टाइप करत होती, पण टकटक ऐकू येत नव्हती. साक्ष संपली. न्यायाधीशांनी हळूच विचारलं, “वाचून दाखवली का?” पस्तीस वर्षांत एकही साक्ष शेवटच्या ओळीवाचून तिच्या हातातून सुटली नव्हती, ‘मला वाचून दाखवली, बरोबर आहे.’ तिने कागद पाहिला. ती ओळ नव्हती.

जागी झाली तेव्हा समोर थेरपिस्ट आणि लेक उभ्या होत्या.

“वा...” टकटकबाई म्हणाली.

“वारा हवाय? पंखा...” म्हणता म्हणता लेकीने स्वतःच्या तोंडावर हात दाबला. पारवा उडून गेला, परत आला.

“वाचून... दाखवा.” बोट फॉर्मच्या फाइलकडे होतं.

थेरपिस्टने फॉर्म पहिल्यांदाच मोठ्याने वाचला. साठवलेलं बोलणं कंपनीकडे पाठवण्यास संमती. “नाही.” कुटुंबीयांना ऐकवण्यास संमती. “नाही.” सहा चौकटी, सहा वेळा नाही. थेरपिस्टने एकेक खूण खोडली.

“तुम्ही बरं म्हणालात, मी हो धरलं. पुन्हा विचारायला हवं होतं. चुकलंच माझं, काकू.” मग ती अडखळली. “पण नियम असा आहे, साठवण बंद केली तर रोबो ठेवता येत नाही. आणि त्याच्याशिवाय तुम्ही...”

ते वाक्य कुणीच संपवलं नाही. टकटकबाईने ठेंगूकडे पाहिलं. तिचा जीव जडला होता त्याच्यावर. किटलीवर कुणी जीव लावतं का, पण जडला होता. तो नेहमीसारखा वाट बघत होता. थेरपिस्टने त्याच्या पाठीवरचं पुसण्याचं बटण दाबलं.

“तुमचं सगळं बोलणं कायमचं पुसू का?” ठेंगूने विचारलं.

“बरं.”

थेरपिस्टचं बोट ठेंगूच्या स्क्रीनवरच्या ‘हो’पाशी गेलं आणि थांबलं. ती खाली वाकली. “काकू, कुठलं बरं?”

भिंतीवरचं ऊन बोटभर सरकलं. कुणी घाई केली नाही.

“खरं,” टकटकबाई म्हणाली.

पिवळे दिवे विझले. थेरपिस्ट त्याला उचलून घेऊन गेली. लेकीने खुर्ची ओढली, त्याच्या रिकाम्या जागी बसली आणि हात मांडीवर ठेवले.

“ज...” टकटकबाई म्हणाली.

लेकीच्या ओठांवर जेवण आलं, जायचंय आलं, सगळं आलं. तिने ते गिळलं. एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली.

“जड... नाहीस तू.”

लेकीला पुढे एकच शब्द सुचला. “बरं,” ती म्हणाली.