सोसायटीचा अंगठा

निवडणूक हरल्यावर मार्तंडकाकांनी नारळासकट चाव्यांचा जुडगा शुभाताईंच्या हाती दिला. दिंडोशीच्या त्या सोसायटीत नव्या सेक्रेटरीला कार्यभार असाच देतात. गच्ची, पंपरूम, मीटररूम.

"पासकी कुठाय?" शुभाताईंनी विचारलं.

काकांनी अंगठा वर केला. पूर्वी पाण्याचा टँकर मागवायच्या वेबसाइटचा पासवर्ड पंपरूमच्या भिंतीवर लिहिलेला असे. कुणीतरी गंमत म्हणून सात टँकर मागवले, तेव्हा काकांनी पासवर्ड काढून आपल्या फोनवर पासकी केली: फोनला अंगठा टेकवला की लॉगिन.

आता त्यांना फणसासाठी कुडाळला जायचं होतं. तिथे रेंज नाही. कमिटीने तातडीने ठराव केला: मार्तंडकाकांचा उजवा अंगठा ही सोसायटीची मालमत्ता असून तो परवानगीशिवाय हद्दीबाहेर नेऊ नये. फणसाचा चीक लावायलाही मनाई. दोन दिवस काकांना वॉचमन गेटवर अडवून अंगठा बघत होता.

"काका, तुम्ही वेडे आहात का?" तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरची गंधाली म्हणाली. ती बँकेत लॉगिनच्या सुरक्षेचंच काम बघायची. "चावी अंगठ्यात नाही, फोनमध्ये आहे. अंगठा फक्त फोनला सांगतो, मालक आलाय, उघड. तो वेबसाइटपर्यंत जातच नाही."

"मग वेबसाइट ओळखते कशी?"

"तिच्याकडे चावीचा जोडीदार असतो. ती दर वेळी नवा प्रश्न पाठवते, फोन आपल्या चावीने सही करून उत्तर देतो, ती जोडीदाराने सही तपासते. चोरायला पासवर्डच नाही. शुभाताईंच्या फोनवर दुसरी पासकी करा ना!"

काकांनी लॉगिन केलं. गंधालीने नवी पासकी जोडली. शुभाताईंनी बोट ठेवलं, टँकर मागवला आणि विचारलं, "काकांची काढून टाकू?"

"ठराव आधी रद्द करा," काका कडक आवाजात म्हणाले. "आणि अंगठ्याचा सत्कार करा. एवढी सेवा केलीये त्याने."

ठराव रद्द झाला, सत्कारही झाला. शालीऐवजी हातरुमाल गुंडाळला. मग शुभाताईंनी जुनी पासकी काढली.

गेटबाहेर पडताना काकांनी सवयीने टँकरची वेबसाइट काढायला फोनवर अंगठा टेकवला. फोन उघडला. सोसायटी उघडली नाही. त्यांनी हातरुमाल घडी करून खिशात ठेवला आणि रिक्षाला हात केला. चीक लागला तर पुसायला होईल.