तिच्या बाजूच्या फरश्या

नूपुरची उन्हाळी संशोधन शिबिरासाठी निवड झाली, त्या सकाळी आमची होस्टेलची खोली तिच्या बाजूने चार फरश्यांनी वाढली. रेक्टरबाई टेप घेऊन आल्या, मोजमाप केलं आणि म्हणाल्या, "संधी मिळाली की वाढतेच. आता तिकडचा केर तिचा तिने काढायचा."

माझी बाजू होती तेवढीच राहिली. एक कॉट, एक खुर्ची, बादली.

मग विद्यापीठाने तिला मार्गदर्शक बाई नेमून दिल्या आणि तिच्या भिंतीला खिडकी फुटली. इंग्रजी संभाषणाच्या जादा वर्गात नाव लागलं तेव्हा गॅलरी आली. तिथल्या दोरीवर तिचे कपडे आधीच वाळत होते. दर वेळी ती मला पेढा आणून द्यायची. आधी दोन पावलांत पोहोचायची, मग वीस. मी पेढा खायचे, "छान झालं गं" म्हणायचे आणि आतून नुसती जळायचे. तिच्या नोट्स मी काढल्या, तापात तिला पेज मी करून घातली, आणि खिडकी तिला!

मार्चमध्ये परदेशात एक सत्र शिकायच्या संधीची सूचना लागली. विभागाला जागा एकच. दोघींनी अर्ज भरले. अर्जावर खोलीतल्या मैत्रिणीची साक्षीदार म्हणून सही लागते. नूपुरने माझ्या अर्जावर न वाचता सही केली, तशीच आम्ही सगळ्याजणी करतो. मी तिच्या अर्जावर मुद्दाम वाकडी केली. पहिलं अक्षर उलटं, खाली रेघ नाही. सही जुळली नाही की अर्ज बाद होतो, हे मला ठाऊक होतं.

"थँक्यू, वृषा," ती म्हणाली. "तुझं झालं तरी मला आनंदच आहे."

याचा मला जास्तच राग आला.

आठवड्याने विद्यार्थी साहाय्य कक्षातल्या टिकेकर मॅडमनी बोलावलं.

"वृषाली, तुझ्या अर्जावरची तुझी सही जुळत नाही."

"कशाशी, मॅडम?"

"नूपुरच्या अर्जावर केलीस तिच्याशी. तिचा अर्ज आधी आला."

"पण ती खोटी आहे."

"खोटी कशी?" त्यांनी माझी फाईल उघडली. दहावीचं हॉल तिकीट, ओळखपत्र, ग्रंथालयाचं कार्ड. सगळीकडे पहिलं अक्षर उलटं, खाली रेघ नाही. "आज पाचपर्यंत मुदत आहे. साक्षीची सही तिचीच लागेल, म्हणून नवा फॉर्म नूपुरकडे दिलाय. ती आणेल तोवर ही सही गिरव."

खोलीत आले तर माझ्या वाट्याला एकच फरशी उरली होती. कॉट, खुर्ची, बादली बाहेर व्हरांड्यात काढून ठेवली होती. नूपुरची भिंत आता दिसतही नव्हती. खूप लांबून ती हात हलवत होती.

"वृषा, थांब! आणतेय फॉर्म!"

मी फरशीवर बसून वहीत वाकडी सही गिरवते आहे. काही केल्या जमत नाही, हातातून माझी जुनीच उतरते. साडेचार वाजून गेले. पाठीला भिंत लागली आहे. नूपुर फॉर्म उंच धरून माझ्याकडे धावत येते आहे, आणि तिच्या प्रत्येक पावलाला आमच्यामध्ये एक फरशी वाढते आहे.