गोगलगायीचा पेला

त्या शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात एक धडा होता, ज्याला कुणी हात लावत नसे. शिक्षक तिथवर येत, घसा खाकरत आणि "हा सोपा आहे, घरी वाचा" म्हणून पुढच्या धड्यावर उडी मारत. घरी कोण कपाळ वाचणार! पोरांनी तो धडा आधीच इतका वाचलेला असे की पुस्तक हातात धरलं तर आपोआप त्याच पानावर उघडत असे. वाचलेलं समजावून सांगायला मात्र कुणी नव्हतं.

मग जीवशास्त्राच्या नव्या बाई आल्या. बाई धीट. शरीरसंबंधातून कुठले रोग होतात, ते कसे ओळखायचे, कंडोम कशासाठी असतो, तपासणी कुठे करायची, औषध घेतलं तर काय बरं होतं आणि काय नुसतं आटोक्यात राहतं, हे सगळं त्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहीत. मुख्याध्यापिकांनी परवानगी दिली होती, पण ती कशी, तर सगळं सांगा, पण काही बोलू नका, अशी. बाई सगळं बोलल्या. याचा त्यांना अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर तो अंमळ जास्तच होता.

त्यांचा एक प्रयोग तर फार गाजला होता. प्रत्येक मुलाला पाण्याचा एक पेला द्यायचा. त्यातल्या एकाच पेल्यात धुण्याचा सोडा विरघळवलेला. दिसायला सगळं सारखं. मग मुलांनी वर्गभर हिंडून आपलं थोडं पाणी दुसऱ्याच्या पेल्यात ओतायचं, दुसऱ्याचं आपल्यात घ्यायचं. शेवटी बाई बाटलीतून एका औषधाचे थेंब टाकत. त्या औषधाचं नाव घेताना जीभ अडखळते, पण सोड्याच्या पाण्यात ते पडलं की पाणी झकास गुलाबी होतं. बघता बघता निम्मा वर्ग गुलाबी! एकापासून इतक्यांना, आणि कुणाच्या तोंडावरून काही ओळखता आलं का? नाही ना? झालं, हाच धडा. ज्या मुलांना पेल्यावर झाकण दिलेलं असे त्यांचं पाणी तसंच राही, आणि कंडोमचं काम काय हे वेगळं समजवायला लागत नसे.

सोड्याचा पेला कुणाला द्यायचा, हे बाई आधीच ठरवत. तळाला खडूची बारीक खूण असे. त्या वर्षी तो त्यांनी शेवटच्या बाकावरच्या मुलीला दिला. ही मुलगी वर्गात असून नसल्यासारखी. हजेरीला "हजर" म्हणायची तेही शेजारणीला ऐकू येईल न येईल इतकंच. हिचा संशय कुणाला येणार नाही, म्हणून बाईंनी ती निवडली. हुशारीच केली म्हणायची.

थेंब पडले, पेले गुलाबी झाले, पोरांनी आरडाओरडा केला. पहिला पेला कुणाचा, ते शोधा, असं बाई म्हणाल्या. पोरं एकमेकांकडे बोटं दाखवत सुटली. कुणालाच सापडेना, तेव्हा बाई शेवटच्या बाकाशी गेल्या, मुलीच्या हातातला पेला उंच धरून त्यांनी तळाची खूण दाखवली आणि हसत म्हणाल्या, "काय बाई, गोगलगाय अन् पोटात पाय!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. वर्ग असा काही फुटला की पलीकडच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले. बाईही हसल्या. खदखदून हसल्या. मुलगी मात्र रिकाम्या हाताकडे बघत उभी होती, आणि बसू का म्हणून विचारायचंही तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव गोगलगाय पडलं. बाईंनी तिच्या बाकावर खडूनं काढलेली गोगलगाय पाहिलीही होती. शिंगं, पाठीवरचं वेटोळं, सगळं छान जमलं होतं. कुणीतरी चित्रकलेत चांगलं दिसतंय, असं मनात म्हणून त्या पुढे गेल्या. मग मुलगी शाळेत येईनाशी झाली. ताप असेल, असं बाईंना वाटलं.

मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावून घेतलं तेव्हा कळलं. मुलीची आई शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली होती. मुलगी आता शिकणार नाही, शिवणकामाच्या दुकानात आईबरोबर काजं-बटणं करील, असं ती म्हणाली. मुख्याध्यापिकांनी चार दिवस थांबायला सांगून तिला परत पाठवलं होतं. कारण विचारलं, तर तुमच्या धड्याचं काहीतरी म्हणत होती, असं मुख्याध्यापिका चष्म्यावरून बघत म्हणाल्या. बाई शाळा सुटताच तडक मुलीच्या घरी निघाल्या.

घर म्हणजे दुकानाच्या वरची एक खोली. एका बाजूला इस्त्री, दुसऱ्या बाजूला बिनबटणांच्या सदऱ्यांचा ढीग, डबड्यांत रंगवार लावलेली बटणं. मुलगी खाली मांडी घालून सदऱ्याला बटण लावत होती. बाईंना बघून आई लगबगीनं उठली, खुर्चीवरचे कपडे बाजूला केले, खुर्ची हातानं पुसली. इतकं आदरानं तिनं बसवलं की बाईंना तिथंच कसंसं झालं. तिनं दारातच उभं केलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

आईनं सांगितलं ते असं. दुकानात काम करणाऱ्या एकीचा मुलगा याच वर्गात. त्यानं घरी सांगितलं, घरातून ते दुकानात आलं, आणि येता येता त्याला पाय फुटले. शाळेत सगळ्या मुलांचं पाणी तपासलं, हिच्या मुलीच्या पाण्यात रोग निघाला, आणि बाई स्वतः भर वर्गात तसं म्हणाल्या. मुलगी रडून रडून सांगत होती की नुसता सोडा होता, खेळ होता. आईनं विचारलं, मग तुझ्याच पेल्यात कसा? मुलीला सांगता येईना.

"शाळेतल्या बाई उगाच कशाला म्हणतील?" आई म्हणाली. "तुम्ही म्हणालात म्हणजे काहीतरी असणार, असंच मला वाटलं."

मग ती मुलीला दवाखान्यात घेऊन गेली. रक्त तपासलं. आईनं कपाटातून रिपोर्ट काढला आणि दोन्ही हातांनी बाईंच्या पुढे धरला. काही नाही निघालं बघा, सगळं चांगलं आहे. तुम्हीच हा वर्गात दाखवा, बाई, तुमचं सगळे ऐकतात, पोरीचं नाव बदनाम झालंय ते धुऊन निघेल. हे बोलताना तिच्या चेहऱ्यावर चक्क आशा होती.

बाईंनी कागद घेतला नाही. त्यांचे कान तापले होते, आणि धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्यांना अगदी खरोखर वाटत होतं. त्या म्हणाल्या, हा कुणालाच दाखवायचा नाही. आज हिचा चांगला कागद वर्गात फिरवला, तर उद्या ज्याचा चांगला येणार नाही तो दवाखान्याची पायरी तरी चढेल का? मुलीला काही झालेलं नव्हतंच. सोड्याचा पेला मीच दिला, ठरवून दिला.

"मुद्दाम?" आईनं विचारलं.

"हो."

"का?"

बाईंपाशी या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. रोग चेहऱ्यावरून ओळखता येत नाही हे दाखवायचं होतं, म्हणून सगळ्यांत साधी मुलगी निवडली. शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य त्यांनी कितीदा ऐटीत सांगितलं होतं. इथं, सदऱ्यांच्या ढिगापुढे, ते तोंडातून निघालं आणि त्यांचं त्यांनाच किळसवाणं वाटलं. साध्या मुलीला पुढे करून त्यांनी लोकांची करमणूक केली होती, दुसरं काय?

मुलीनं दोरा दातानं तोडला. इतका वेळ तिनं मान वर केली नव्हती.

"डॉक्टरांनी आईसमोरच विचारलं, कुणाशी संबंध आलाय का म्हणून," ती म्हणाली. "मी नाही म्हणायच्या आधी आईनं माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणते याची ती वाट बघत होती."

आईनं पुढे धरलेला हात मागे घेतला. कागद तिच्या हातातच राहिला.

"मुलं हसली, ती हसणारच," मुलगी पुढे म्हणाली. "बाई, तुम्ही का हसलात?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. काहीतरी समजुतीचं, मोठ्या माणसासारखं बोलून वेळ मारून नेता आली असती. पण मुलगी पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघत होती. "वर्ग हसला की मला बरं वाटतं," त्या म्हणाल्या. याहून दुसरं कारण नव्हतं, आणि ते फार क्षुद्र होतं. त्यांनी माफी मागितली, मुलीची आधी आणि मग आईची. उद्या वर्गात येऊन बघा, मग दाखल्याचं ठरवा, एवढं म्हणून त्या जिना उतरल्या. आई नुसतं "बघू" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली आणि शेवटच्या बाकावर बसली. आई वर्गाच्या दारात उभी राहिली, हातात दुकानात न्यायची पिशवी. बाईंनी पुन्हा सगळ्यांना पेले दिले. मग त्यांनी न अडखळता सांगून टाकलं. मागच्या वेळी सोड्याचा पेला त्यांनीच ठरवून दिला होता. वर म्हण मारली, हशा मिळवला, आणि त्यापायी एका मुलीला नको त्या प्रसंगातून जावं लागलं. "आणि समजा, खरंच कुणाला रोग असता," त्या म्हणाल्या, "तरी त्यात हसण्यासारखं काय होतं? त्यानं औषध घ्यायचं, आणि आपण त्याला घेऊ द्यायचं. हे मी तुम्हाला शिकवायला हवं होतं."

बाईंनी सगळ्यांदेखत एका पेल्यात सोडा टाकला, ढवळला, त्यात थेंब टाकले. पाणी गुलाबी झालं. पेला हातात धरून त्या म्हणाल्या, हा माझा. या, कोण मिसळतंय माझ्यात?

कुणी उठेना. आता सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं की सोडा आहे, डोळ्यांदेखत टाकलेला. तरी कुणी उठेना. पुढच्या बाकावरचा पोपट, ज्याचं तोंड एरवी क्षणभर बंद नसे आणि ज्यानं ती खडूची गोगलगाय काढली होती, त्यानं हळूच आपल्या पेल्यावर तळवा ठेवला. त्याचं बघून शेजारच्यानं ठेवला. बाई पेला घेऊन एकट्या उभ्या राहिल्या. हात अवघडला तरी खाली घेता येईना. शेवटच्या बाकावरून मुलगी बघत होती. तिनं घाई केली नाही. त्या दिवशी ती स्वतः उभी होती तितका वेळ तिनं बाईंना उभं राहू दिलं.

मग ती उठली, पेला घेऊन बाकांच्या मधून पुढे आली.

"माझ्यात ओता, बाई," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "माझा तर मागच्या वेळीच गुलाबी झालाय."

बाई ओतायला लागल्या. अवघडलेल्या हातातून पाणी टेबलावर सांडलं, तेव्हा मुलीनं खालून त्यांचं मनगट धरलं आणि ओतून होईपर्यंत सोडलं नाही. दारात आईनं पिशवी खांद्याला अडकवली. दाखल्याचं काही न विचारता ती कामावर निघून गेली.