पाचशे एकाचं शून्य

"शून्य! शून्य! शून्य!"

चिकलठाण्यात जालना रोडलगतच्या मांडवात माणसं बेभान होऊन ओरडत होती. मंचावर डोळ्यांना जाड काळी पट्टी बांधलेले बाणबाबा उभे. समोर धुपाच्या धुरात फळ्यांची उंच भिंत, आणि त्या भिंतीवर बाण मारायचा गोल, आकड्यांचा विलायती डार्टबोर्ड.

"देवाला पाचशे एक का वाहता रे बाळांनो?" बाबा गरजले. "पाचशे म्हणजे जन्मोजन्मीची पापं, अन् वरचा एक म्हणजे तुमचा रोग! नवग्रहांचे नऊ बाण सोडतो. पाचशे एकातून वजा करीत शून्य झालं, की रोगही शून्य! मग कशाला हवी सुई, अन् कशाला गोळी?"

दर गुरुवारी शून्य होत होतं. एकदाही चूक नाही.

मागच्या रांगेत वच्छलाबाई ओठ आवळून उभ्या होत्या. शाळेत खेळ शिकवणाऱ्या या बाई स्वतः डार्ट्सच्या राज्य स्पर्धा खेळलेल्या. आज त्यांचं लक्ष मंचावर बसलेल्या आपल्या धाकट्या भावावर, बद्रीनाथवर होतं. बद्रीनाथला साखरेचा आजार. बाबांच्या शब्दावर त्यानं इन्सुलिन सोडलं होतं आणि पायाची जखम काळी पडत चालली होती.

सकाळीच दोघांची वादावादी झाली होती.

"आक्का, तू तर खेळतीस. नऊ बाणांत पाचशे एक संपतंय का नाय?"

"संपतं. पण त्याहून कमीत संपूच शकत नाय. म्हणजे नऊतला एकबी चुकायला नको. करंगळीएवढ्या तिहेरी, म्हणजे तिप्पट गुणांच्या घरात तीन-तीन बाण बसवायचे. पहिल्या दोघांच्या शेपट्या तिसऱ्याची वाट अडवतात. शेवटचा तर कडेच्या दुहेरी, दुप्पट गुणांच्या घरातच पाहिजे. उभ्या जन्मात मला आठ बरोबर लागले, ते एकदाच. नववा बाण घरांमधल्या तारेवर आपटून खाली पडला. अन् तुझा बाबा डोळे बांधून दर गुरुवारी करतो?"

"म्हणून तर चमत्कार म्हणायचा!"

बाईंनी पिशवीतून आपला तांबड्या शेपटीचा डार्ट काढला. "रोग्यानं बाबाच्या हातात बाण द्यायचा असतो ना? शेवटचा हा दे."

बद्रीनाथ हसला. "तुझाच देतो. मग तरी मानशील?"

आता बाई त्या बोर्डाकडं टक लावून बघत होत्या. मागच्या गुरुवारी त्यांनी नीट पाहिलं होतं. बाबांचा हात पुरता पुढं यायच्या आत 'खट्' व्हायचं. हातानं फेकलेले बाण थोडे तरी तिरके बसतात, एकमेकांना रेटतात. इथले तिन्ही मोजपट्टी लावून ठोकल्यासारखे सरळ. शंका पक्की होती. पण तांबडाच लागला तर? मग बद्री पुन्हा सुईला शिवणार नव्हता.

खट्. खट्. खट्. तिन्ही विसाच्या तिहेरी घरात, साठ-साठ करून एकशे ऐंशी. "ग्रहांना विश्रांती!" म्हणत चेल्यानं बोर्डापुढं पडदा ओढला आणि जरा वेळानं उघडला. पुन्हा एकशे ऐंशी. पुन्हा पडदा. सातवा बाण पुन्हा साठाचा लागला. आठवा एकोणिसाच्या तिहेरी घरात, सत्तावन्न. उरले चोवीस, म्हणजे बाराचं दुहेरी घर.

बद्रीनाथनं खिशातून तांबडा डार्ट काढून बाबांच्या तळव्यावर ठेवला. वेगळा बाण हाताला लागला तसे बाबा क्षणभर थबकले.

हात फिरला. खट्!

"शून्य!" मांडव दणाणला. बाराच्या घरात बाण उभा होता. शेपटी भगवी.

बद्रीनाथ मात्र ओरडला नाही. लंगडत तो बोर्डाजवळ गेला, वळला. "बाबा, म्या तांबडा दिलता."

मंचावरच्या माईकवरून ते सगळ्यांना ऐकू गेलं. पहिल्या रांगेतल्या चतुराबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनीही बाबांपायी दम्याचं औषध सोडलं होतं. "व्हय की! म्याबी पाह्यला. तांबडा कुठं गेला?"

"मंगळ तांबडा असतो, माई," बाबा हात उंचावून म्हणाले, "त्यानं आपला रंग भगव्याच्या चरणी वाहिला!"

काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण बद्रीनाथनं बाबांची ढगळ बाही धरून झटकली. तांबडा डार्ट मंचाच्या फळीवर टणकन पडला. मागोमाग दोन भगवे.

वच्छलाबाई गर्दीतून वाट काढत मंचावर चढल्या आणि थेट फळ्यांच्या भिंतीमागं गेल्या. तिथं सांडू नावाचा चेला हातात दोऱ्या धरून घामाघूम बसला होता. बाईंनी भिंतीची मागची बाजू लोकांकडं फिरवायला लावली. बोर्डाच्या मागं पाच स्प्रिंगा, प्रत्येकीवर दुमडता येणारा एक भगवा बाण. विसाच्या तिहेरी घरामागं तीन, एकोणिसाच्या मागं एक, बाराच्या दुहेरी घरामागं एक. दोरी ओढली की बाण फटीतून उसळून पुढं उभा राही. पडदा ओढला की सांडू ते परत आत दाबी. बाबांनी आजवर एकही बाण फेकला नव्हता. सगळे बाहीत जात होते आणि 'विश्रांती'त काढून घेतले जात होते.

माणसं बाबांवर धावली. बाईंनी माईक हातात घेतला.

"मारू नका! पोलिसांना बोलवा. आधी मला सांगा, याच्यापायी औषध कुणीकुणी सोडलंय? हात वर करा."

पहिला हात बद्रीनाथचा वर गेला. मग चतुराबाईंचा. मग इथून एक, तिथून एक, शेवटच्या रांगेपर्यंत. तेवढे हात बघून बाईंनी माईक तोंडाजवळ ओढला.

"खरा बाण चुकू शकतो, म्हणून तर नऊच्या नऊ लागले की त्याचं मोल. डॉक्टरचाबी इलाज कधी चुकतो. पण तो तसं सांगतो, पुन्हा तपासतो. जो कधी चुकतच नाय, त्याला विचारा, तुझी चूक कुठं दडवलीस? चला, उद्यावर ढकलू नका. आत्ता दवाखान्यात चला."

त्या संध्याकाळी टेम्पो भरून माणसं घाटीच्या सरकारी दवाखान्यात गेली. बद्रीनाथच्या पायाची दोन बोटं काढावी लागली, पाय वाचला. भेटायला येणारे त्याला अजून विचारतात, दुसरा एक बाबा लई खरा आहे म्हणतात, जावं का?

"आधी सुई घ्या," बद्रीनाथ म्हणतो. "मग जावा. पण त्याच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. पुढून समदेच देव दिसत्यात."