नवव्या भागातील चूक

“काका, तुमची घागर पुसली बरं का! एकदम स्वच्छ!”

फोनवर तृप्तीचा आवाज आनंदाने नुसता ओसंडत होता. रावजी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी मेथी निवडत उभे होते. त्यांनी हाताची माती पायजम्याला पुसली, फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला आणि विचारले, “पुसली म्हंजे? धुतली?”

“धुतली काय काका! उडवली. नवव्या भागातली ती निळी प्लास्टिकची घागर, ती बाई, सगळं गायब. कंपनीच्या माणसांनी आपलं ‘चुका’चं पान छापून भिंतीवर लावलंय म्हणे. त्यात तुमची चूक सगळ्यात वर!”

“बाई पण?”

“मग! घागरीबरोबर बाई जाणारच ना. घागर एकटी कशी चालेल?” तृप्ती स्वतःच्याच विनोदावर मनापासून हसली. “रविवारी नाशिकलाच दाखवणारेत तो भाग, आपल्या मंडळींना सगळ्यांच्या आधी. तुम्ही पुढच्या रांगेत बसायचं, आत्ताच सांगून ठेवते. आणि बुधवारपर्यंत काही राहिलं असेल तर कळवा म्हणालेत. ठेवू?”

“ठेव,” रावजी म्हणाले. पुढे किती तरी वेळ ते मेथीची पाने कचऱ्याच्या टोपलीत आणि देठ भाजीच्या भांड्यात टाकत राहिले. सून संजना आत आली तेव्हा तिने टोपली उचलली आणि देठांतून पाने पुन्हा वेचून काढली.

‘अंधारहुकूम’ ही मालिका दूरदर्शनवर लागत असे त्या काळी, रंगीत संच गल्लीत एखाद्याच्याच घरी असे. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, रात्री दिवे झाकण्याचा सरकारी हुकूम, रॉकेलचा काळाबाजार, देवळालीची गोरी पलटण, आणि त्या अंधारात चोरांचा व खुन्यांचा माग काढणारा फौजदार देवरे, असा तिचा थाट होता. मालिका संपली आणि यथाकाल लोकांच्या विस्मरणात गेली. पुढे कैक वर्षांनी तिच्या चाहत्यांनी इंटरनेटवर तिचा एक कोश उभारला. कोणी पुण्याचा, कोणी सटाण्याचा, कोणी परदेशी जाऊन राहिलेला. कोणी कोणाला पाहिलेले नव्हते. तथापि एकाने आठवेल ते लिहावे, दुसऱ्याने ते पडताळावे, तिसऱ्याने त्यातले शुद्धलेखन सुधारावे, असा त्यांचा शिरस्ता होता. ही सारी माणसे स्वतःला ‘मंडळी’ म्हणवीत. पुण्यात विमा कचेरीत काम करणारी तृप्ती या कोशाची व्यवस्था पाही. रावजी त्या मंडळींत वयाने सर्वांत वडील होते.

रावजींचे आयुष्य महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात गेले. त्यांना लोक चावीवाला म्हणत. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून गल्लोगल्ली हिंडायचे, जमिनीतला व्हॉल्व्ह फिरवून नळांना पाणी सोडायचे, वेळ झाली की बंद करायचे. शिक्षण सातवीपर्यंतच, परंतु रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकांनी वाचनाचा नाद लावला होता. त्यांनी कोशासाठी नवव्या भागाचे कथानक लिहिले तेव्हा मंडळींनी ते एक अक्षरही न बदलता ठेवले होते.

नववाच भाग का, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितले नव्हते.

त्या भागाचे चित्रीकरण देवळाली गावात, रावजींच्याच गल्लीत झाले होते. चित्रीकरणवाल्यांनी रावजींना चहा पाजला आणि गळ घातली, “मामा, आमचं आटपेपर्यंत पाणी सोडू नका. बाया बाहेर आल्या की सगळा खेळ बिघडेल.” रावजींनी मान डोलावली. पण रोजच्या वेळेला रोजच्या हाताने रोजची चावी फिरवली. सवयीला काय ठाऊक, लढाई कुठल्या साली चालली आहे! नळ खळखळले. गल्लीतल्या बायका उंबऱ्यात थबकल्या, आणि एकटी नवसाबाई, रावजींची बायको, निळी घागर भरून कडेवर घेऊन कॅमेऱ्यासमोरून तरातरा निघून गेली.

“तुला दम नव्हता का जरा?” रावजी संध्याकाळी म्हणाले होते.

“दम? पानी गेल्यावर तुमचा तो फौजदार येनार होता का भरायला?” नवसाबाईने उलट विचारले. “अन् चावी कोनी फिरवली? तुमीच मला लढाईत ढकललं, आता मलाच बोलता व्हय!”

भाग लागला त्या दिवशी शेजारच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर ती दिसली मात्र, “नवसा आली! नवसा आली!” असा एकच गिल्ला झाला. नवसाबाईने पदरात तोंड लपवले आणि बोटांच्या फटीतून स्वतःला पाहून घेतले.

तिचे फोटो घरात होते. लग्नातला होता, रेशनकार्डावरचा होता. परंतु फोटोत माणूस उभे असते. नवसाबाई ओळखावी ती चालण्यावरून. डावा खांदा किंचित वर, मान ताठ, आणि पावले अशी, की रस्ता तिच्या बापाचा असावा. ते चालणे जगात एकाच ठिकाणी उरले होते. कारण पुढे तिला अर्धांगवायू झाला आणि अखेरची कित्येक वर्षे ती खाटेवरून उठली नाही. रावजींनी तिला न्हाऊ घातले, कुशीवर वळवले, भरवले. दुपारी ते मोबाईलवर नववा भाग लावत. कोण्या गृहस्थाने जुन्या कॅसेटीवरून तो इंटरनेटवर चढवला होता. चित्र धुक्यातून पाहावे तसे होते, चेहरा नीट दिसत नसे. नवसाबाई वाकड्या झालेल्या तोंडाने म्हणे, “लय ताठ चालती, बया. कोनाची कोन हे?”

“हाय एक,” रावजी म्हणत. “चावीवाल्याची.”

त्याच दिवसांत कोशातील ‘पात्रे’ या पानावर रावजींनी एक ओळ घातली होती, ‘पाणी नेणारी बाई’. दुसऱ्या दिवशी ती काढलेली आढळली. तृप्तीने अदबीने लिहिले होते, काका, कथेत ज्यांचा संबंध आहे त्यांचीच नोंद करायची असे आपले ठरले आहे. रावजींना राग आला नाही. नियम तो नियम. पण कोशाची पाने चाळता चाळता ‘चुका’ हे पान त्यांच्या दृष्टीस पडले. शिपायाच्या मनगटावर दिसलेले नवे घड्याळ, भिंतीवरची निवडणुकीची पुसट अक्षरे, अशा गोष्टींना तेथे मानाने जागा होती. रावजींनी बराच विचार केला आणि एका बोटाने एकेक अक्षर दाबून लिहिले:

‘नवव्या भागात एक स्त्री निळ्या प्लास्टिकच्या घागरीसह त्वरेने जाताना दिसते. युद्धकाळी अशी घागर संभवत नाही. सदर स्त्री कोण, हे ज्ञात नाही.’

शेवटचे वाक्य लिहिताना त्यांनी खाटेकडे पाठ फिरवली होती.

नोंद मंडळींना फार आवडली. सटाण्याचे गोटीराम, एसटीतले निवृत्त कंडक्टर, यांनी खाली टिपण जोडले, ‘देवरेसाहेब काय झोपले होते का? बाई भरदिवसा पुढच्या जमान्यातला माल घेऊन पळाली!’ रावजींनी ते मोठ्याने वाचून दाखवले. नवसाबाई अर्ध्या तोंडाने इतकी हसली की तिला ठसका लागला. आपले माणूस घरात पडून आहे आणि चार गावची माणसे त्याच्याविषयी बोलत आहेत, यात रावजींना केवढे तरी सुख वाटले.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी ती गेली.

त्यानंतर मालिकेचे हक्क घेतलेल्या एका कंपनीने कळवले, मूळ फिती सापडल्या आहेत, लख्ख करून पुन्हा दाखवू. मात्र इंटरनेटवरच्या जुन्या अंधुक प्रती काढून टाकाव्यात. मंडळींनी आनंदाने शब्द दिला आणि पाळला. कॅसेटवाल्या गृहस्थाने कॅसेटदेखील कंपनीच्या हवाली केली. रावजींनीही ‘संमती आहे’ असे लिहिले, कारण त्यांना वाटले, आता चेहरा दिसेल. कित्येक महिने ते त्या एका गोष्टीची वाट पाहत होते.

मंगळवारी सकाळी त्यांनी अंघोळ केली, स्वच्छ सदरा घातला आणि पुण्याला फोन लावला. जणू समक्षच भेटायला निघाले होते.

“तृप्तीताई, ती नवव्या भागातली चूक मागं घेता येईल का?”

“का हो काका? चूक नाहीये का ती?”

“घागर चूक हाय,” रावजी म्हणाले. “बाई चूक नाय.”

“म्हणजे? नाही कळलं.”

रावजी थांबले. त्यांच्या पिढीचा पुरुष परक्या बाईमाणसासमोर ‘माझी बायको’ असा शब्द सहसा उच्चारीत नसे. त्यासाठी जुन्या लोकांनी एक झाकलेला, मानाचा शब्द करून ठेवला होता. रावजींनी घसा खाकरला. आवाज स्थिर राहील इतका वेळ घेतला आणि तो शब्द उच्चारला.

“ती आमची मंडळी हो.”

“हो ना काका! आपलीच मंडळी!” तृप्ती उत्साहाने म्हणाली. “मंडळींनी एवढं केलं म्हणून तर कंपनीनं ऐकलं आपलं. आता मागे घेतलं तर म्हणतील, यांचं यांनाच ठरत नाही. गोटीरामकाका तर पैज लावून बसलेत, रावजी सगळ्यात पुढे. आणि शेवटी नावं येणारेत पडद्यावर, तुमचंपण! काका? ऐकताय ना?”

“ऐकतोय,” रावजी म्हणाले. “बरं.”

दारात संजना उभी होती. तिने सारे ऐकले होते. “बाबा, त्यांना कळलंच नाही. त्यांना वाटलं, तुम्ही त्या ग्रुपचं बोलताय. मी करते फोन, सरळ सांगते, आमच्या आई आहेत त्या म्हणून.”

“नको.”

“अहो पण उद्यापर्यंतच वेळ आहे!”

“दोनदा सांगायची गोष्ट नाय ती, पोरी.” त्यांनी सदऱ्याची बटणे काढायला घेतली. “लोक म्हनतील, म्हातारा बायकोपायी शिरेल अडवून बसला. अन् तिला कोनी चूक म्हनलं ते म्याच म्हनलं. दुसऱ्या कोनी नाय.”

संजनाने उचललेला फोन खाली ठेवला. बुधवार आला आणि गेला.

रविवारी नाशिकरोडच्या एका सभागृहात मंडळी प्रथमच एकमेकांना भेटली. तृप्ती फोनवरच्या आवाजापेक्षा लहान निघाली; तिने वाकून रावजींना नमस्कार केला. गोटीराम म्हणजे पांढऱ्या मिशांचा आडदांड गडी. त्यांनी रावजींना कवेत घेतले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, “आरे, मी समजनू, रावजी म्हंजे कोनी मोठा प्रोफेसर शे! तुम्ही तं आमनासारखाच निघालात!” सारे हसले, रावजीही हसले. संजना त्यांच्या शेजारी बसली आणि दिवे मालवण्यात आले.

चित्र उमटले तेव्हा सभागृहातून आश्चर्याचा उद्गार निघाला. केवढे ते स्वच्छ चित्र! गल्लीतला दगड न् दगड दिसत होता. घराची पायरी, दारापुढचा नळ, पलीकडच्या ओट्यावर वाळत घातलेली गोधडी, सारे रावजींनी ओळखले. मग तो प्रसंग आला. गल्ली रिकामी होती. कोणी आले नाही, कोणी गेले नाही. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. तृप्तीने मान वळवून रावजींकडे कौतुकाने पाहिले.

“थांबा, थांबा,” गोटीराम अंधारातच ओरडले. “मागं घ्या ते परत! हाऊ फौजदार कोनले वाट दी ऱ्हायना?”

कंपनीच्या मुलाने तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. या खेपेस साऱ्यांनी पाहिले. समोरून फौजदार देवरे येतात. अंगावर वर्दी, हातात छडी, चालण्यात सरकारचा रुबाब. गल्लीच्या मध्यावर येताच ते अकस्मात थबकतात, अंग चोरून भिंतीला लागतात, छडी मागे घेतात, आणि रिकाम्या जागेला वाट देऊन क्षणभर अदबीने उभे राहतात. मुलाने चित्र तेथेच थांबवले.

रावजी टक लावून पाहत राहिले. इतकी वर्षे तो भाग पाहिला, परंतु तिच्यापलीकडे त्यांची नजर कधी गेलीच नव्हती. ती जाताना समोरून फौजदार येत होता, हेदेखील त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

“अगंबाई, हे राहिलंच की!” तृप्ती हसून म्हणाली. तिने मोबाईल उघडला. “लिहून ठेवते. नववा भाग, फौजदार विनाकारण बाजूला सरकतात. काय म्हणू काका याला? तुमच्या भाषेत सांगा ना.”

“चूक नाय ती,” रावजी म्हणाले.

“मग?”

“बाई येतीये ना.”

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितले, की कोणी हसले नाही. तृप्तीचे बोट मोबाईलवर तसेच राहिले. तिने रावजींकडे पाहिले, मग त्यांच्या शेजारी तोंडाला पदर लावून बसलेल्या संजनाकडे पाहिले, आणि तिच्या ओठांवर तो शब्द हळूच आला, “मंडळी...” तिने मोबाईल बंद करून ठेवला.

पडद्यावर फौजदार अजून भिंतीला पाठ लावून उभा होता. पुढच्या रांगेत बसलेल्या रावजींनी, नकळत, आपले पसरलेले पाय आत ओढून घेतले.