ऑस्करच्या जोडीला

"मामाजी, याच्यासंगं ते छोटे लाल मासे टाका ना धा-बारा. रिकामी टाकी काय शोभते?" प्रफुल सोफ्यावरून म्हणाला.

बापूरावांचे हात कोपरापर्यंत पाण्यात होते. चंद्रपुरात त्यांचं शोभेच्या माशांचं दुकान. गडचिरोलीच्या जावयानं बैठकीत चार फुटी टाकी बसवली आणि सासऱ्याला फर्मान सोडलं, मोठा मासा घेऊन या. बापूरावांनी वीतभर लांबीचा ऑस्कर मासा पिशवीत घालून एसटीनं आणला. मासा आपला निमित्ताला होता. त्यांना पुनमला, आपल्या लेकीला, घरी न्यायचं होतं.

"हे त त्याचा नाश्ता होईल, जवाईबापू. जे त्याच्या तोंडात मावते ते टाकाचंच नाई."

"मंग मोठा टाका."

"मोठा पण गरीब, तेबी चालत नाई. हा त्याले कोपऱ्यात दाबते, खाऊ देत नाई, पोहाचे पर तोडते. तोलामोलाचा पायजे, आन् दोघंबी लहान असतानीच एकसाथ टाकाले पायजे. तरीबी नजर ठेवाची. एक पर फाटलेला दिसला का त्याच टायमाले काढून घ्याचं. होईल सवय म्हून थांबलं का मेला समजा."

बोलता बोलता बापूराव अडखळले. दारात पुनम चहाचा ट्रे घेऊन उभी होती, आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

"पुनम, तुले कसा वाटते मासा?" त्यांनी विचारलं.

"तिले काय समजते माशातलं," प्रफुल हसला.

माशांच्या दुकानात लहानाची मोठी झालेली पोर ती. पूर्वीची पुनम असती तर फाडकन उत्तर दिलं असतं. तिनं नवऱ्यापुढे कप ठेवला आणि त्याचा हात पोचणार नाही इतकी मागं सरकली. हे मागं सरकणं बापूरावांना पाहवेना.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती बॅग घेऊन थेट दुकानात आली होती. नर्सची नोकरी सोडायला लावली तेवढं तिनं सोसलं होतं, पण आता मनगट सुजलेलं होतं. "हात उचलते तो. मी वापस जात नाई, बाबा," म्हणाली. आणि बापूरावांचं शहाणपण पाहा, त्यांनी टाकीच्या काचेकडे बोट दाखवून तिला समजावलं, "नवा मासा चार दिवस कोपऱ्यात बसतेच, पोरी. मंग रुळते." दुसऱ्या दिवशी स्वतः सासरी पोचवून आले. बायको, अंजनाबाई, रडायला लागली तर तिलाच गप्प केलं. गिऱ्हाइकाला जे कधी सांगितलं नाही ते पोटच्या पोरीला सांगितलं, चार लोक काय म्हणतील या भीतीपायी. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

प्रफुलचा फोन वाजला. कुठेतरी त्याचा टिप्पर फसला होता. ड्रायव्हरला शिव्या हासडत तो अंगणात गेला.

बापूरावांनी ओले हात पँटलाच पुसले. "पुनम, बॅग भर. मी मासा द्याले नाई आलो. तुले न्याले आलो."

तिनं प्रफुलचा कप उचलून ट्रेमध्ये ठेवला.

"चुकलं माहं, पोरी. लय मोठं चुकलं."

"हो, चुकलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तवा मले ठेवून घेतलं असतं त जलमभर नाव काढलं असतं तुमचं. आता माही मीच निघीन. धानोऱ्याले नर्सची जागा हाय. गुपचूप मुलाखत देऊन आली. बोलावणं आलं का इथी थांबत नाई."

"तवरक त आपल्या घरी चाल."

"तुमच्या घरी नाई, बाबा."

"काऊन?"

"हा चार माणसं घेऊन येईल, हात जोडेल, आन् तुमी मले परत आणून पोचवाल."

नाही म्हणायला बापूरावांनी तोंड उघडलं. पण शपथेवर सांगावं इतकी पत त्यांच्याकडे उरली नव्हती, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

फाटक वाजलं. पुनम लगेच मोठ्यानं म्हणाली, "बाबा, जेवूनच जा. वरण-भात तयार हाय."

लहानपणी ही पोर त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्याच ताटातलं खायची. आज ती पदर सावरून, "घ्या ना आनखी, लाजू नका," म्हणत पाहुण्याला वाढावं तशी वाढत होती. शेजारी प्रफुल टिप्परचं काही सांगत होता. बापूरावांचं पोट कधीच भरलं होतं. तरी ती भात घेऊन आली की ते ताट पुढे करत राहिले.